रेडिओचा कान खिडकीत

गेल्या मे महिन्यात एका रात्री आमच्या गल्लीतली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाली. धुळ्यात, देवपुरात. साडेनऊ वाजले होते, भिंती अजून तापलेल्या, आणि मी टेबलावर रेडिओ घेऊन बसलेलो. शॉर्टवेव्हच्या ३१ मीटर बँडवर कोणीतरी इंग्रजीत बातम्या देत होतं. पण खरखर इतकी, की चार शब्दांतला एखादाच शब्द हाती लागायचा. धाडकन आवाज झाला, दिवे गेले, पंखा थांबला. त्याच क्षणी नळ बंद करावा तशी रेडिओतली खरखर थांबली. बातम्यावाला शेजारच्या खोलीत येऊन बसल्यासारखा स्वच्छ ऐकू यायला लागला. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी त्या आठवड्यात मेलेली होती, त्यामुळे घर पूर्ण अंधारात. सगळे डीपीच्या नावाने शंख करत होते आणि मी एकटा खूश. पाऊण तासाने लाईट आली, आणि खरखरही.

मधल्या पाऊण तासात मी ना रेडिओ बदलला होता, ना अँटेना. म्हणजे स्टेशन आधीपासून खोलीत येतच होतं. ते कमी पडत नव्हतं, घरातल्याच गोंगाटाखाली गाडलं गेलं होतं. घरात ठेवायचा ॲक्टिव्ह अँटेना, म्हणजे सोबत अँप्लिफायर असलेला छोटा अँटेना, घ्यावा का, कुठला घ्यावा, हे विचारणाऱ्यांना मी आधी हाच किस्सा सांगतो. कारण बहुतेकांना वाटतं की स्टेशन लहान येतंय, ते मोठं करणारं यंत्र आणलं की काम झालं. तसं होत नाही. का होत नाही, ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झमधल्या लहरी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ६ मेगाहर्ट्झला ५० मीटर, साडेनऊला साडेएकतीसच्या आसपास, १५ ला २० मीटर. जुन्या रेडिओच्या काचेवर ४९, ४१, ३१, २५, १९ असे आकडे असायचे, ते हेच मीटर. आमच्या आधीची पिढी ‘पंचवीस मीटर आणि एक्केचाळीस मीटर’ हे शब्द पाठ असल्यासारखी म्हणायची, ते रेडिओ सिलोनमुळे. या लहरी वर जातात, वातावरणाच्या वरच्या थरातून, म्हणजे आयनांबरातून, वळून पुन्हा जमिनीवर येतात. म्हणून मध्ये टॉवर नाही, उपग्रह नाही, इंटरनेट नाही, तरी रोमानियातलं स्टेशन पांझरेच्या काठावर लागतं.

आता पुस्तकातला नियम असा, की चांगला अँटेना लहरीच्या निम्म्या लांबीचा हवा. ४९ मीटर बँडसाठी जवळपास २५ मीटर तार. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर २५ मीटर तार ओढायची, तर ती तीन घरांच्या वाळत घातलेल्या कपड्यांतून, एका पाण्याच्या टाकीवरून आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या डोक्यावरून जाणार. मग हातभर दांडी किंवा परातीएवढं तारेचं कडं घरात ठेवून कसं भागणार?

भागतं. कारण तो नियम मुख्यतः प्रक्षेपण करणाऱ्यासाठी आहे. त्याला किलोवॉटच्या किलोवॉट ऊर्जा हवेत ढकलायची असते. तिथे अँटेना तोकडा असला की ऊर्जा बाहेर न पडता आतच जिरते. ऐकणाऱ्याचं गणित वेगळं असतं. शॉर्टवेव्हवर आकाश स्वतःच गप्प नसतं. जगात कुठे ना कुठे विजा कडाडतच असतात आणि त्यांची कुरकुर स्टेशनांसारखीच आयनांबरातून वळून हजारो किलोमीटर लांब पोहोचते. वरच्या बँडवर तर आकाशगंगेचाही मंद फुसफुसाट असतो. त्यात माणसाने केलेला गोंगाट मिसळतो. तार लांब असेल तर स्टेशनही जास्त येतं आणि हा गोंगाटही जास्त. तार तोकडी असेल तर दोन्ही कमी. एकास दुसऱ्याचं जे प्रमाण, ते बदलत नाही, आणि कळणं-न कळणं त्या प्रमाणावर असतं. अँटेना इतका तोकडा झाला, की त्यातून येणारा गोंगाट रेडिओच्या स्वतःच्या सर्किटच्या सळसळीपेक्षाही खाली गेला, तरच नुकसान सुरू होतं.

आठवडे बाजारात तुम्हाला लांबून कोणीतरी हाक मारतंय असं समजा. ऐकू येत नाही म्हणून कानाला कर्णा लावलात, तर हाक मोठी होईल, पण कांदेवाल्याची आरोळीही तेवढीच मोठी होईल. दहा पावलं चालून बाजाराच्या बाहेर, बोळात गेलात, तर कर्ण्याशिवायही हाक कळेल. अँप्लिफायर म्हणजे कर्णा. बोळ कुठे आहे ते आपल्याला शोधायचं आहे.

मग ॲक्टिव्ह अँटेनात अँप्लिफायर असतोच कशाला? इथे बोअरचा हिशेब लागू होतो. बोअरला पाणी कमी असेल आणि तिच्यात पाच एचपीची मोटार सोडली, तर दोन मिनिटांत ती हवा ओढायला लागते. तिथे छोटी, हळूहळू ओढणारी मोटार लागते. मीटरभर दांडी ही अशीच कमी पाण्याची बोअर आहे. विजेच्या भाषेत ती साधारण १० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर असते. ६ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा अडीच हजार ओहमच्या वर जातो. तिला थेट ५० ओहमची केबल जोडली की दांडीवर जन्मलेल्या व्होल्टेजचा पन्नासावा हिस्सा जेमतेम पलीकडे पोहोचतो. म्हणून दांडीच्या अगदी बुडाशी एक एफईटी ट्रान्झिस्टर बसवतात. तो दांडीकडून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, फक्त व्होल्टेज चाखतो आणि केबलमध्ये ढकलायचं काम स्वतःच्या सेलवर करतो. ‘ॲक्टिव्ह’ या शब्दात एवढंच आहे. त्यात मोठं करण्यापेक्षा दांडीला न दमवण्याची करामत जास्त आहे.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली. तुमच्या हातातल्या पोर्टेबल रेडिओची जी ओढून लांब करायची दांडी आहे, तिच्या बुडाशी आतल्या बाजूला बहुधा असाच एफईटी आधीपासून बसलेला असतो. म्हणजे घरात ठेवायचा ॲक्टिव्ह अँटेना तुमच्याकडे आहेच! त्या रेडिओशेजारी, त्याच टेबलावर, दुसरी दांडी असलेला डबा आणून ठेवला तर काय होणार? मी ठेवला होता. कुठला ते जाऊ द्या. रेडिओवरच्या सिग्नलच्या रेघा एकदम पूर्ण भरल्या. मी घरच्यांना बोलावून दाखवल्या. मग आवाज वाढवला, तर पूर्ण भरलेल्या रेघांची खरखर!

टेबलावर ठेवायचे असे डबे निरुपयोगी असतात असं मात्र नाही. ज्याच्याकडे स्वतःची दांडी नसलेला, मागे फक्त ५० ओहमचं सॉकेट असलेला मोठा रिसीव्हर आहे, त्याला ते लागतात. काहींना पुढे ट्यून करायची गोल खुंटी असते. ती हव्या त्या पट्ट्याबाहेरची जोरदार स्टेशनं अडवते, तो फायदा खराच आहे. पण आपल्यासारख्या पोर्टेबलवाल्याला ॲक्टिव्ह अँटेनाचा खरा उपयोग एकच आहे. रेडिओ आपल्याजवळ, आणि त्याचा कान केबलच्या टोकाला, दूर, शांत जागी. पाच-सात मीटर केबल मध्ये आली तरी सिग्नल मरत नाही, ही सोय तो एफईटी करून देतो.

नेदरलँड्समध्ये ट्वेंटे विद्यापीठात एक रेडिओ आहे, तो इंटरनेटवरून जगात कोणालाही फिरवता येतो. पूर्ण शॉर्टवेव्ह त्यावर ऐकायला मिळते. त्याचा अँटेना ‘मिनीव्हिप’ जातीचा, म्हणजे तळहातात मावेल एवढा तांब्याचा पत्रा आणि त्याला चिकटलेला अँप्लिफायर. लांब तार नाही, काही नाही. तो आहे मात्र इमारतीच्या छतावर. तोच पत्रा खोलीत, टीव्हीच्या मागे लावा, तुम्हाला फक्त टीव्ही ऐकू येईल.

आता दांडी की कडं? बाजारात दोन जाती आहेत. दांडी लहरीतलं विद्युत क्षेत्र पकडते, कडं म्हणजे लूप चुंबकीय क्षेत्र पकडतो. घरात ऐकायचं असेल तर मी डोळे मिटून कड्याच्या बाजूने मत देईन. कारणं दोन. दांडीला काम करायला दुसरी बाजू लागते, जमीन लागते. ती तिला नीट मिळाली नाही की ती केबलच्या बाहेरच्या जाळीलाच आपली जमीन करून टाकते. ती जाळी घरभर फिरून रेडिओपर्यंत आलेली असते, आणि घराच्या वायरिंगमधली सगळी घाण तिच्यावरून चढून आत येते. कड्याला जमीन लागत नाही, त्याची दोन्ही टोकं अँप्लिफायरच्या दोन बाजूंना समतोल जोडलेली असतात.

दुसरं कारण तुम्हाला माहीतच आहे, फक्त त्या नावाने माहीत नाही. मीडियम वेव्हवर जळगाव आकाशवाणी, ९६३ किलोहर्ट्झ, लावताना ट्रान्झिस्टर ओट्यावर असा-तसा फिरवायचो ना आपण? एका बाजूला आवाज भरून यायचा, काटकोनात फिरवला की बसायचा. आत फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली तार म्हणजे छोटा लूपच. कड्याची कड ज्या दिशेला, तिकडून जास्त ऐकू येतं. कड्याचं तोंड ज्या दिशेला, म्हणजे ज्या बाजूने पाहिल्यावर पूर्ण गोल दिसतो, तिकडून सगळ्यात कमी. ही जी बहिरी बाजू आहे ना, पैसे तिचे आहेत.

आमच्या घरी बहिरी बाजू कशी सापडली ते सांगतो. कडं खिडकीच्या आत, लोखंडी ग्रीलपासून दीड फुटावर, पडद्याच्या दांडीला सुतळीने टांगलं. माझ्या रेडिओवर दोन आकडे दिसतात, एक सिग्नलची ताकद, दुसरा सिग्नल आणि गोंगाट यांच्यातलं अंतर. पहिला आकडा मी आता बघतच नाही. तोच त्या रेघा भरून फसवतो. दुसरा कमाल २५ पर्यंत जातो, आणि तेव्हा तो ४-५ वर लोळत होता. मी कडं हाताने हळूहळू फिरवायला लागलो. ५, ६, ६, ९, मग एका जागी एकदम १६. खरखर बसली आणि तिच्याखालून बाई बोलताना ऐकू आली. बोटभर पुढे सरकवलं, पुन्हा ७. त्या कोनात कड्याचं तोंड कुठे आहे म्हणून पाहिलं, तर सरळ शेजाऱ्यांच्या भिंतीकडे. भिंतीपलीकडे त्यांचा इन्व्हर्टर आहे. त्यांना काही न सांगता, त्यांचं काही बंद न करता तो माझ्या रेडिओपुरता नाहीसा झाला. सुतळीला तिथेच गाठ मारली.

यातली एक मेख लक्षात ठेवा. कडं स्टेशनाच्या दिशेने वळवायच्या नादी लागू नका. शॉर्टवेव्हचं स्टेशन वरून, आयनांबरातून, तिरकं येतं आणि त्याचा कोन मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे ते फिरवून फारसं कमी-जास्त होत नाही. जवळचा गोंगाट मात्र एका ठरलेल्या जागेवरून येतो, तो फिरवून मरतो. तेव्हा स्टेशन वाढतंय का हे न बघता खरखर कुठे बसते ते ऐकायचं.

बाजारात ‘एमएलए-३०’ नावाचा चिनी लूप मिळतो, साधारण ६० सेंटिमीटर व्यासाच्या तारेच्या कड्याचा, पाच व्होल्टच्या यूएसबीवर चालणारा. हौशी मंडळींत तो खूप फिरतो, सुरुवातीला ठीक आहे. पण घेतल्याबरोबर लोक काय करतात, तर तो यूएसबीचा शेपूट मोबाइलच्या चार्जरमध्ये खोचतात. म्हणजे गोंगाटापासून पळायला जे यंत्र आणलं, त्याच्या नाकात गोंगाटाची नळी. चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज उतरवलेलं असतं, आणि त्या तोडातोडीचे तुकडे शॉर्टवेव्हभर सांडतात. ओळखायची खूण अशी, की डायल फिरवत जाल तसं दर साठ-सत्तर किलोहर्ट्झवर तीच भुणभुण पुन्हा भेटते. पॉवर बँक बरी असेल असं वाटतं, पण तिच्यातही सेलचे पावणेचार व्होल्ट पाचवर चढवणारं तसंच सर्किट असतं. काही शांत निघतात, काही नाही, लावून बघावं लागतं. मी शेवटी जुन्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी काढली आणि मध्ये ७८०५ ही आयसी टाकली. ही तीन पायांची आयसी कुठल्याही रेडिओ-टीव्ही रिपेअरवाल्याकडे मिळते. ती तोडातोड न करता जास्तीचे व्होल्ट उष्णतेत जिरवते. गरम होते, पण गप्प असते.

घरातला गोंगाट शोधायची रीत डीपीनेच शिकवली. रेडिओ सेलवर चालवा, डायलवर एखाद्या रिकाम्या जागी लावा जिथे नुसती खरखर आहे, आणि मेन स्विच पाडा. खरखर गेली तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा. आमच्याकडे पहिला सापडला हॉलमधल्या पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची प्रत्येक लहर मध्येच कापून पंखा हळू करतो, आणि प्रत्येक कापण्याला एक ठिणगीएवढा टोचा उठतो. पंखा मध्यम वेगावर असताना सगळ्यात वाईट, पूर्ण वेगावर जवळजवळ काहीच नाही. टकटक करत पायरीपायरीने फिरणारा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला, प्रश्न मिटला. दुसरा चोर एका एलईडी ट्यूबमधला ड्रायव्हर, तिसरा वायफायच्या डब्याचा ॲडॉप्टर. ट्यूब बदलली. वायफाय बंद करायची भाषा मी एकदाच केली, पुन्हा केली नाही. त्याच्या ॲडॉप्टरच्या वायरीला फेराइट लावलं. जुन्या मॉनिटरच्या केबलवर तो काळा, लंबुळका गोळा असायचा ना, तेच. मिटणारा मोठा गोळा मिळाला तर वायरचे पाच-सहा वेढे त्यातून घाला, एका वेढ्याने फार काही होत नाही. अँटेनाच्या केबललाही रेडिओच्या बाजूला एक असाच घालावा. भिंतीतल्या तीन पिनांच्या अर्थिंगला मात्र रेडिओ जोडायला जाऊ नका. ती सगळ्या घराच्या गोंगाटाची मोरी आहे.

जागेबद्दल थोडं. आरसीसीच्या घरात स्लॅब, कॉलम, बीम यांत सळयांची जाळी असते, आणि तिची भोकं वीतभर. ३०-५० मीटरच्या लहरीच्या मानाने ती जाळी जवळपास सलग पत्राच. म्हणून खोलीच्या मध्यभागी सिग्नल पडतो आणि खिडकीशी, गॅलरीशी बरा असतो. वरचा मजला बरा, रस्त्याच्या विजेच्या तारांपासून लांबची बाजू बरी. गॅलरीचं रेलिंग लोखंडी असेल तर कडं त्याला टेकवू नका.

आमच्या काकांचं घर शिंदखेडा तालुक्यात आहे, जुनं धाब्याचं. लाकडी सरे, त्यावर माती, जाड भिंती. दिवाळीत तिथे गेलो तेव्हा रेडिओ आणि कडं दोन्ही बरोबर नेलं. काकांनी माळ्याच्या खुंटीला कडं लटकवताना पाहिलं आणि म्हणाले, “इतलासा रेडू, अन् हाई एवढी बांगडी कशाले लागस रे?” लावून दाखवलं. मग कडं काढलं आणि नुसती रेडिओची दांडी वर केली. फरक जवळजवळ नाही. धाब्याखाली, मधल्या खोलीत, साध्या दांडीवर जे ऐकू आलं, ते मला धुळ्यात कडं, फेराइट, ७८०५ एवढा सगळा संसार मांडून मिळतं. माती-लाकडात सळयांची जाळी नाही हे एक झालं, पण त्या घरात दोन एलईडी बल्ब आणि एक टीव्ही याखेरीज काहीच नाही, हे बहुधा त्याहून मोठं कारण. पलीकडच्या अर्ध्या घरावर पत्रे टाकलेत, तिथे गेलो तर आवाज पुन्हा बसला. काका म्हणाले, “मंग तुना रेडू बठ्ठा आठेच ठेव ना.” त्यांचं बरोबरच होतं.

जोरदार स्टेशनांनी अँप्लिफायर गांगरतो, हेही माहीत असावं. प्रक्षेपण केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला शॉर्टवेव्हवर भलत्याच ठिकाणी मीडियम वेव्हची गाणी भुतासारखी ऐकू येतात. अँप्लिफायर झेपेनासं झालं की दोन सिग्नलांची मिसळ करून नवीनच तयार करतो. तसं झालं तर रेडिओवरचं लोकल-डीएक्स (जवळचं-लांबचं) बटण लोकलवर करा, किंवा कडं लहान करा. आपल्या भागात हा त्रास बेताचाच. ताकद आणखी वाढवायची गरज आहे का, हे बघायची एक चाचणी मात्र करून ठेवा. डायलवरच्या रिकाम्या जागी रेडिओ लावा आणि अँटेनाची पिन काढा, पुन्हा घाला. घातल्यावर खरखर स्पष्ट वाढली, तर अँटेना पुरेसा आहे. यापुढे कितीही महाग अँप्लिफायर आणलात तरी फक्त बाजार मोठा होणार.

वेळेचंही भान ठेवा, नाहीतर दुपारी बारा वाजता ४९ मीटर लावून अँटेनाला शिव्या घालाल. दिवसा सूर्यामुळे आयनांबराचा खालचा थर तयार होतो आणि तो कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी पिऊन टाकतो. म्हणून दिवसा १९, १६, १३ मीटर, दिवेलागणीला २५ आणि ३१, रात्री ३१, ४१, ४९. सूर्यावरच्या डागांचं चालू चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर आलं, त्यामुळे वरचे बँड या काळात चांगले चालले. मे-जूनमध्ये वळवाच्या विजांनी खालचे बँड तडतडतात. ती खरखर आकाशाची आहे, कुठलाही लूप फिरवून ती जायची नाही. खानदेशात ऐकायचा मोसम दिवाळी ते होळी. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि ती जागतिक वेळेत लिहिलेली असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. सुरुवातीला अँटेना तपासायला ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र बरं पडतं. घड्याळासारखी टिकटिक असते, खरखरीतून किती वर येते ते लगेच समजतं.

आता ऐकण्यासारखं उरलंय काय, असं विचाराल, तर पूर्वीसारखं नाही हे खरं. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. ती रात्र मी रेडिओजवळ काढली होती. पण चीन आहे, रोमानिया आहे, तुर्कस्तान आहे, व्हॅटिकन आहे, बीबीसीची इंग्रजी आहे, आणि ७ मेगाहर्ट्झच्या थोडं वर हौशी मंडळींच्या गप्पा आहेत, तुमच्या रेडिओत एसएसबी, म्हणजे ही मंडळी ज्या पद्धतीने बोलतात ती ऐकायची सोय, असेल तर.

खरेदीच्या आधी एक स्वस्तातला प्रयोग जरूर करा. आठ-दहा मीटर बारीक वायर खिडकीतून बाहेर झाडाकडे सोडा, आणि आतलं टोक रेडिओच्या दांडीला क्लिपने लावा. ज्यांना हे जमतं त्यांना पुष्कळदा ॲक्टिव्ह अँटेनाची गरजच उरत नाही, कारण ती वायरही कान बाहेर नेण्याचंच काम करते. महावितरणच्या तारांच्या आसपास मात्र ती फिरकू देऊ नका, आणि ढग दाटले की क्लिप काढून वायर खिडकीबाहेर टाकून द्या. घराच्या आत टांगलेल्या कड्याचा हा एक निवांतपणा आहे, वळवाच्या संध्याकाळी धावपळ करावी लागत नाही.

एवढं सगळं करून या मे महिन्यात मी रेडिओ लावला तेव्हा त्या दुसऱ्या आकड्याने १९ दाखवले. खरखर नावालाही नव्हती. तरी एक शब्द कळेना, कारण मागे पत्र्याचा कूलर घरघरत होता. त्याच्यावर फेराइट चालत नाही, आणि ४४ डिग्रीत तो बंद करा म्हणायची कोणाची टाप आहे. म्हणून आता हेडफोन लावतो. हेडफोन लावला की कूलर ऐकू येत नाही. “ताटं वाढली” हेही ऐकू येत नाही, आणि त्यावरून रोज वेगळी खरखर सुरू होते.